ओढ्याचं बियाणं

मैत्रिणींनो, ओढा आटायला लागला की आपण हंडे मोजतो. प्यायला किती, जनावरांना किती, धुण्याला किती. ते बरोबरच आहे. पण त्याच पाण्यात आणखी एक गाव राहतं. दुष्काळात त्याच्यावर काय गुदरतं, ते आज समजून घेऊ.

वाहत्या ओढ्यातला एखादा दगड उलटून बघा. खाली बारीक किडे चिकटलेले दिसतील, काहींना तीन शेपट्या असतात. शेवाळ आणि कुजका पाला खाऊन ते जगतात. त्यांना मासे खातात, माशांना बगळा आणि खंड्या. यातल्या बऱ्याच किड्यांना वाहतं पाणी लागतं, कारण त्यात प्राणवायू भरपूर असतो. धार तुटली की आधी हेच जातात. ओढ्यात पाणी अजून दिसत असतं, पण माशांचं जेवण संपत आलेलं असतं.

मग उरतात डोह. मासे, झिंगे, खेकडे सगळे तिथं गोळा होतात. पाणी थोडं आणि तोंडं फार! त्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशाच्या लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशाला साडेसातच. रात्री शेवाळ प्राणवायू वापरतं, पण तयार करत नाही. म्हणून पहाटे मासे वर येऊन आ वासताना दिसतात. ती भूक नव्हे, त्यांचा जीव गुदमरत असतो. अशा डोहात धुण्याची पावडर गेली तर थोड्या पाण्यात ती फार कडक होते. धुणं आपणच धुतो, म्हणून सांगते: पाणी बादलीनं काढा आणि काठापासून लांब धुवा.

काही जीव चिवट असतात. मरळ आणि मागूर हवेतला श्वास घेतात, खेकडा ओलीत बीळ करून बसतो. पण डोहाची डबकी झाली आणि मासे, चतुराची पिल्लं मेली, की डासांच्या अळ्या खायला कोणी राहत नाही. आठ-दहा दिवसांत डास तयार होतात आणि ताप घरात येतो.

पाऊस पडल्यावर काही किडे उडत परत येतात. माशांना पंख नाहीत. पहिल्या पुरात चढणीचे मासे वर जाऊन अंडी घालतात, ते उरलेल्या डोहातून किंवा खालच्या नदीतून आलेले असतात. मध्ये बंधारे असतील तर खालची वाटही बंद. मग शेवटचा डोह हेच ओढ्याचं बियाणं. बियाण्याचा जोंधळा दळायला काढताना आपल्या आज्यांचा हात थरथरायचा. डोहावर मोटर टाकताना मात्र कोणी विचार करत नाही.

टँकरच्या रांगेत उभं राहून माशांचं काय बोलायचं, असं कोणी म्हणेल. रास्त आहे, पिण्याचं पाणी आधीच. पण आमच्याकडे तरी शेवटचा डोह हंड्यानं नाही, मोटरनं आटतो. मोटर कोणाची, हे बैठकीत बोलायला जड जातं, कारण ती कधी आपल्याच दिराची असते.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तो वरदायिनी देवीचा डोह, तिथले मासे कोणी मारत नाही. आपल्याला देवी नसली तरी ठराव आहे. एकटीनं भांडू नका, ग्रामसंघातर्फे विषय ग्रामसभेत मांडा. एकच खोल डोह निवडा, त्याचं नाव ठरावात लिहा. होळीपासून पहिल्या पुरापर्यंत तिथं मोटर नाही, उपसा नाही, मासे मारायला ब्लीचिंग पावडर नाही. आणि चढणीच्या दिवसांत पोरांना घेऊन ओढ्यावर जा, किती मासे वर चढतात ते वहीत लिहून ठेवा.