सोळाशेचा वेग, एकवीसची धाव

जालना जिल्ह्यातल्या आमच्या अंतरवाली सराटीचं नाव 2023 च्या मराठा आरक्षणाच्या उपोषणानं देशभर गेलं. पहाटे वडीगोद्रीच्या रस्त्याला पळणारी पोरं मात्र त्याच्या आधीपासूनची. ती भरतीसाठी पळतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 20 गुण 1600 मीटरचे असतात; 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं तर पैकीच्या पैकी. कॉलेजात असताना आम्ही मित्र याच पोरांत पळायचो. त्यातूनच हाफ मॅरेथॉनची टूम निघाली आणि आम्ही सगळ्यांनी शहरातल्या एका स्पर्धेत नावं घातली.

सोळाशेची सवय अशी, की शिट्टी झाली की सुटायचं. शेजारचा पुढे गेला की छाती फुटेस्तोवर त्याला गाठायचं. एकवीस किलोमीटरला हीच सवय घात करते. आमच्यातला सगळ्यात तयारीचा गडी पुढच्या घोळक्याबरोबर निघाला आणि निम्म्या वाटेपर्यंत कुणाला सापडला नाही. ऊन चढल्यावर सापडला, तेव्हा रस्त्याच्या कडेला झोकांड्या खात होता. गाव कोणतं विचारलं तर भलतंच बोलत होता, अंग तापलं होतं. भोवतीचे लोक त्याच्या तोंडात पाणी ओतायला लागले. एका जाणत्या धावपटूनं त्यांना थांबवलं, त्याला सावलीत आडवं केलं आणि बाटल्याच्या बाटल्या डोक्यावर, मानेवर, काखेत, जांघेत रिकाम्या केल्या. तो वाचला. मला त्या दिवशीइतकी भीती पुन्हा वाटली नाही.

म्हणून पळणाऱ्या प्रत्येक पोरानं हे ध्यानात ठेवावं. पळताना कुणी बरळायला लागला, विनाकारण चिडला, चाल बिघडली, तर तो नुसता दमलेला नाही. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर जातं आणि मिनिटं मोलाची असतात. 108 ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. गार पाणी मिळेल तेवढं अंगावर घाला, वारा घाला. हौद जवळ असेल तर डोकं वर धरून त्यात बसवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालू नका.

पोरं अविनाश साबळेचं नाव घेतात, आणि का घेऊ नये? शेजारच्या बीडमधल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा. 2020 मध्ये दिल्लीत त्यानं हाफ मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत संपवली. हिशोब केला तर दर 1600 मीटरला सुमारे 4 मिनिटं 35 सेकंद, म्हणजे भरतीच्या पूर्ण गुणांहून जलद, आणि तेही सलग तेरा वेळा! त्यामागे सैन्यातली वर्षानुवर्षांची तालीम आहे. तुम्हाला दोन तासांत पोचायचं असेल, तर पहिल्या 1600 ला 9 मिनिटं लागलीच पाहिजेत. पाय शिवशिवतील, मित्र पुढे जातील. जाऊ द्या.

सराव आठवड्यातून एकदाच लांब पल्ल्याचा, आणि तोही हळूहळू वाढवत नेलेला. शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं. नडगी दुखायला लागली की थांबा. दुखणं दाबून पळणाऱ्यांची हाडं तडकतात. स्पर्धेच्या सकाळी दुखण्याची गोळी घेऊन उभं राहायची पद्धत पडलीय, ती फार वाईट. घामानं कोरड्या पडलेल्या शरीरात त्या गोळ्यांचा भार किडनीवर येतो. पाणी तहानेपुरतंच प्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस त्यानंही कोसळतो. ओआरएसची पुडी जवळ असू द्या. नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

ऊसतोडीच्या दिवसांत अंधारात हायवेला पळूच नका. कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. त्यापेक्षा शेताकडचा मुरमाचा रस्ता बरा, गुडघ्यांनाही.

आणि परतीचं आधी ठरवा. रात्री दोनला उठून मोटारसायकलवर शहर गाठायचं, एकवीस पळायचं आणि त्याच गाडीवर ट्रिपल सीट घरी यायचं, हे आमच्याकडे सर्रास चालतं. गोळा आलेल्या पायानं ब्रेक लागत नाही आणि दुपारच्या उन्हात डोळा लागतो. आदल्या संध्याकाळी एसटीनं जा, कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करा, आणि येतानाही एसटीनंच या.