गाणारा कधी येणार? : लिक्विड टेन्शन एक्स्परिमेंटचा प्रवास

विंगमध्ये मी लिक्विड टेन्शन एक्स्परिमेंट लावलं की कोणीतरी हमखास विचारतं, "गाणारा कधी येणार?" तो येतच नाही. या बँडमध्ये गाणाराच नाही. चार वादक, आणि चौघेही आधीपासून नावाजलेले. अशा बँडला सुपरग्रुप म्हणतात. (माझी शाळा कॉन्व्हेंट, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या.)

१९९७ साली मॅग्ना कार्टा या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने ड्रीम थिएटरचा ड्रमर माइक पोर्टनॉय याला असा ग्रुप जमवायला सांगितलं. त्याने बासवर टोनी लेव्हिन आणि कीबोर्डवर जॉर्डन रूडेस यांना घेतलं. गिटारसाठी शेवटी आपल्याच बँडमधला जॉन पेट्रुची आणला. लेव्हिन १९४६ चा, पोर्टनॉय १९६७ चा, म्हणजे एक जण दुसऱ्याचा सर शोभेल! लेव्हिन किंग क्रिम्सन आणि पीटर गॅब्रिएल यांच्याबरोबर वाजवलेला माणूस. तो चॅपमन स्टिकही वाजवतो. त्यात तारा छेडत नाहीत, दोन्ही हातांच्या बोटांनी पट्टीवर दाबून वाजवतात. त्यामुळे बास आणि चाल एकाच वेळी निघू शकते.

हातात दिवस मोजकेच. मग काय, एकत्र बसायचं, सुचेल ते वाजवायचं, जमलेलं पक्कं करून रेकॉर्ड करायचं. १९९८ च्या पहिल्या अल्बमच्या शेवटी 'थ्री मिनिट वॉर्निंग' आहे, नाव तीन मिनिटांचं आणि लांबी अठ्ठावीस मिनिटांहून जास्त. सगळं ऐनवेळी सुचलेलं. ज्यांना धीर नाही त्यांनी आठव्या ट्रॅकनंतर सीडी बंद करावी, अशी सूचनाच पुस्तिकेत छापली होती.

ऐकताना गोंधळ होतो तो तालामुळे. रॉकमध्ये आपल्याला चारच्या मोजणीची सवय. प्रोग्रेसिव्ह मेटलवाले मध्येच पाच किंवा सातवर जातात. तबला शिकलेल्यांना रूपकच्या सात मात्रा माहीत असतात. बाकीच्यांनी मेसच्या टेबलावर सातपर्यंत मोजत हात वाजवून बघा, आठवा ठोका आपोआप पडतोच. तो न पडू देणं हाच सराव.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी पेट्रुचीच्या बायकोला प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या आणि तो स्टुडिओतून निघून गेला. उरलेले तिघे वाजवतच राहिले. ते रेकॉर्डिंग २००७ मध्ये वेगळं प्रसिद्ध झालं. १९९९ च्या त्या अल्बममधल्या जवळजवळ सतरा मिनिटांच्या रचनेचं नाव 'व्हेन द वॉटर ब्रेक्स', ते याच प्रसंगावरून.

पण या साइड प्रोजेक्टने मूळ बँडच बदलला. १९९४ साली ड्रीम थिएटरने रूडेसला विचारलं होतं, तेव्हा एक कार्यक्रम वाजवून त्याने दुसरं काम पत्करलं होतं. या दोन अल्बमनंतर, १९९९ मध्ये, तो कायमचा त्यांच्यात गेला. मग एकाच बँडमधले तिघे बाहेर वेगळा बँड कशाला चालवतील? २००८ मधले दहा वर्षांचे मोजके कार्यक्रम सोडले तर सगळं थांबलं.

सप्टेंबर २०१० मध्ये पोर्टनॉयने ड्रीम थिएटर सोडलं. नंतर परत यायची इच्छा दाखवली, तर बँडने नकार दिला. पंचवीस वर्षांची दोस्ती, आणि अशी तुटली. मला हा भाग सगळ्यात जास्त लागतो, कारण पेट्रुची आणि तो १९८५ साली बर्कली कॉलेजमध्ये, आपल्याच वयात भेटले होते.

२०२० मध्ये कोविडमुळे सगळ्यांचे दौरे बंद पडले. पोर्टनॉयने आधी पेट्रुचीच्या सोलो अल्बमवर ड्रम वाजवले, आणि मग चौघे पुन्हा एका खोलीत बसले. तिसरा अल्बम एप्रिल २०२१ मध्ये आला, दुसऱ्यानंतर जवळजवळ बावीस वर्षांनी. त्यात गर्शविनची १९२४ ची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' तेरा मिनिटं वाजवली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोर्टनॉय ड्रीम थिएटरमध्ये परतला.

सुरुवात 'ॲसिड रेन'पासून करा. 'थ्री मिनिट वॉर्निंग' सबमिशनच्या आदल्या रात्री नको.