मुलांच्या अभ्यासात निरक्षर पालकांचा वाटा

शालेय वर्षाच्या आरंभी भरणाऱ्या पालकसभेत एक उद्गार बहुतेक गावांत ऐकू येतो : "गुरुजी, आम्ही अडाणी माणसं. पोरगं तुमच्या हवाली केलंय, आता तुम्हीच काय ते बघा." या उद्गारात शिक्षकाविषयी आदर आहे यात शंका नाही. परंतु आपल्या हातून मुलाच्या अभ्यासाला काडीचाही हातभार लागणार नाही, अशी पालकाची ठाम समजूतही त्यात आहे. शिक्षकही पुष्कळदा ती समजूत मान्य करतात आणि "मुलाकडे लक्ष द्या" एवढे सांगून सभा आटोपतात. लक्ष द्यावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हे पालकाला उमगत नाही; तो आला तसा परत जातो. ज्या पालकास स्वतःला वाचता येत नाही, त्यालाही मुलाच्या अभ्यासासाठी कोणती कामे करता येतात व शिक्षकाने ती त्याच्या ध्यानात कशी आणून द्यावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. कायद्याची मर्यादा

मुलाला शाळेत आणण्याचे काम आपल्याकडे प्रथम कायद्याने हाती घेतले. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला व १९०६ मध्ये तो सर्व बडोदे संस्थानास लागू केला. करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. त्या काळच्या मजुरीकडे पाहिले म्हणजे हा दंड लहान नव्हता हे कळते. पुढे संसदेने २००९ मध्ये बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम संमत केला व तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

या सर्व प्रयत्नांमुळे मुलांची नावे हजेरीपटावर आली. परंतु शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी ती भरेपर्यंतचा काळ मूल घरी असते आणि त्या काळात काय व्हावे हे कोणत्याही कायद्याला ठरविता येत नाही. अधिनियमाच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता व त्याची प्रगती त्यांना सांगणे, हेही एक कर्तव्य आहे. यास्तव पालकांशी बोलणे हा शिक्षकाच्या नेमून दिलेल्या कामाचाच भाग होय.

२. खाड्याचा हिशेब

निरक्षर पालकाच्या पूर्णपणे हाती असलेली पहिली गोष्ट म्हणजे मुलाला रोज शाळेत पाठविणे. खेड्यातील मुलांचे शाळेचे दिवस बुडतात ते बहुधा आजारामुळे नव्हे. बाजाराचा दिवस, खुरपणी, शेरडे राखणे, घरचे लग्न, मामाच्या गावाची जत्रा, अशी कारणे असतात. प्रत्येक कारण त्या दिवसापुरते वाजवी वाटते; एका दिवसाने काय बिघडते, असे पालक म्हणतो.

त्याला हिशेब करून दाखवावा. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी अधिनियमाने वर्षाचे किमान २०० कामाचे दिवस ठरविले आहेत. आठवड्याचे सहा दिवस शाळा धरली तर हे सुमारे ३३ आठवडे होतात. मूल दर आठवड्यास बाजाराचा एकच दिवस घरी राहिले, तरी वर्षाकाठी ३३ दिवस बुडतात. पाच वर्षांत ही संख्या १६५ होते. म्हणजे पाचवीतून बाहेर पडणारे ते मूल प्रत्यक्षात चार वर्षे व थोडे दिवसच शिकलेले असते. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला खाडा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आठवड्यास एक खाडा धरला तर वर्षाच्या कमाईत किती तूट येईल, हे तो बोटांवर मोजून सांगेल. तोच हिशेब मुलाच्या शिक्षणास लावून दाखविला की त्यास तो तत्काळ पटतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण असते. आई कामावर जाते आणि धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी दुसरी-तिसरीतील मुलगी घरी राहते. आईला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. धाकटे मूल तीन वर्षांचे झाले असेल तर ते अंगणवाडीत जाते की नाही, अंगणवाडीची वेळ व शाळेची वेळ जुळते की नाही, घरी आजी किंवा शेजारीण आहे की नाही, याची चौकशी शिक्षकाने करावी व अंगणवाडी सेविकेशी स्वतः बोलावे. अशा एका बोलण्याने एका मुलीची वर्षभराची हजेरी वाचू शकते. असे न झाल्यास तीच मुलगी पुढे चौथीत मागे पडते, "हिचं डोकं चालत नाही" असा शिक्का तिच्यावर बसतो व तिची शाळा सुटते.

३. वाचन ऐकणारे घर

वाचनाचा सराव घरी व्हावा, असे सांगितले की पालक म्हणतो, "मला अक्षर येत नाही, मी काय शिकवू?" त्याने शिकवावयाचे नाही, ऐकावयाचे आहे. रात्रीचे जेवण झाल्यावर मुलाने पाच-दहा ओळी मोठ्याने वाचाव्यात आणि आईने, वडिलांनी अथवा आजीने त्या ऐकाव्यात. वाचणारा अडखळत आहे की ओघाने वाचत आहे, हे ऐकणाऱ्याला अक्षरओळख नसली तरी कळते. भजनात टाळ चुकला तर पोथी न वाचणाऱ्या श्रोत्यालाही तो खटकतो, तसेच हे आहे.

वाचून झाल्यावर पालकाने तीनच प्रश्न विचारावेत : यात कोण होतं? काय झालं? आता पुढं काय होईल? पहिल्या दोन प्रश्नांनी मुलाला अर्थ कळला की नाही हे स्पष्ट होते. तिसऱ्या प्रश्नाने त्याचा विचार चालू होतो. अर्थ न कळता केवळ अक्षरे जुळवून वाचणारी मुले वर्गात सहज लपून राहतात. घरी ऐकणारे माणूस एकच व वाचणारे मूलही एकच असल्याने तेथे ती लपत नाहीत.

मात्र यासाठी मुलाच्या हाती त्याला झेपेल असे पुस्तक असले पाहिजे. शाळेच्या कपाटातील गोष्टींची पुस्तके फाटतील या भीतीने कुलपात ठेवू नयेत. वही करून ती आठवड्याला घरी द्यावीत. पुस्तक मिळण्याजोगे नसेल तेव्हा बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर, दुधाची पावती, विजेचे बिल, लग्नपत्रिका हेही वाचनाचे साहित्य होय. असे कागद मूल वाचून दाखवू लागले म्हणजे घरात त्याच्या शिक्षणाची किंमत वाढते, हा दुसरा लाभ होय.

ज्या घरात वाचन नाही त्या घरात भाषाही नाही, असे समजणे ही मोठी चूक ठरेल. गोष्टी, कोडी, म्हणी व ओव्या जिला मुखोद्गत आहेत अशी आजी मुलाच्या शब्दसंग्रहात मोठी भर घालते. घरची बोली अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, वारली वा गोंडी असली तर ती वाईट आहे असे पालकास कधीही सुचवू नये. मूल घरच्या बोलीत भरभरून बोलत असेल तर पुस्तकी मराठीकडे त्याला नेणे सोपे जाते. बोलण्याविषयीच धास्तावलेले मूल दोन्ही भाषांत मुके होते.

४. घरातील गणित

अपूर्णांकांशी मुलांची पहिली ओळख शाळेत होते असे आपण मानतो. वस्तुतः ती घरात व बाजारात आधीच झालेली असते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द निरक्षर आईच्याही रोजच्या बोलण्यात असतात. ८० रुपये किलोची भाजी पाऊण किलो घेतली तर ६० रुपये व सव्वा किलो घेतली तर १०० रुपये, हा हिशेब ती तोंडी करते. तिने मुलाला बरोबर घेऊन एवढेच विचारावे, "किती झाले? कसे काढलेस?" साडेपाच लिटर दूध ३६ रुपये दराने घातले तर १९८ रुपये होतात की नाही, हे पावतीवरून पडताळून पाहण्याचे काम चौथी-पाचवीच्या मुलाकडे द्यावे. पावकी, निमकी, पाऊणकी व सवायकी पाठ असलेले आजोबा अजून काही घरांत आहेत. त्यांना एखाद्या दिवशी वर्गात बोलावून ऐकावे. वर्गातील फळ्यावरचा १/४ हा घरचा 'पाव'च आहे, हे ज्या मुलाला समजले त्याला पुढील अपूर्णांकांची भीती राहत नाही.

येथे एक मर्यादा सांभाळावी. मुलाला घरकामात घेणे आणि घरकामासाठी शाळेतून काढणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. बाजाराचा हिशेब शाळा सुटल्यावर किंवा सुटीच्या दिवशी व्हावा.

५. वेळ, जागा आणि शब्द

एका खोलीच्या घरात अभ्यासाची वेगळी खोली मागणे व्यर्थ होय. परंतु दिव्याखालची एक बैठक आणि अर्ध्या तासाची शांतता बहुतेक घरांत मिळू शकते. त्या अर्ध्या तासात दूरदर्शन संच व मोबाइल बंद असावा. हा नियम मोठ्यांनीही पाळावा, नाहीतर मूल तो पाळणार नाही. मुलाला पुरेशी झोप मिळावी व सकाळी ते काही खाऊन शाळेत यावे, हेही पालकांना आवर्जून सांगावे.

मारण्याने अभ्यास होतो ही समजूत अनेक घरांत अद्याप आहे. अधिनियमाच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. शिक्षकाने स्वतः हा नियम कसोशीने पाळला तरच त्याला घरच्या माराविषयी बोलण्याचा अधिकार राहतो. "शेजारच्याचा मुलगा बघ" ही तुलना आणि "तुझ्यानं होणार नाही" हे वाक्य छडीइतकेच लागते. त्याऐवजी "काल चार ओळी वाचल्यास, आज सहा झाल्या" असे म्हणण्यास पालकाला शिकवावे. मुलाची तुलना त्याच्या कालच्या स्थितीशीच व्हावी.

६. स्थलांतर करणारी कुटुंबे

बीड जिल्ह्यातून व मराठवाड्याच्या अन्य भागांतूनही दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. शाळेच्या वर्षाचा मधला सर्व भाग यात जातो. अशा पालकांशी बोलण्याची वेळ म्हणजे गाडी भरण्यापूर्वीचा महिना होय. मागाहून बोलून उपयोग नाही. घरी आजी-आजोबा असतील अथवा जवळ हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर मुलाला मागे ठेवण्याचा विचार त्यांच्यापुढे मांडावा. मूल बरोबर जाणारच असेल तर कारखान्याजवळच्या शाळेत त्याला प्रवेश मागता येतो व दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून तो नाकारता येत नाही, ही कलम ५ मधील तरतूद पालकास सोप्या शब्दांत सांगावी.

मूल आजीजवळ राहिले तर शिक्षकाच्या दृष्टीने आजी हीच पालक होय. वर सांगितलेली सर्व कामे तिला समजावून द्यावीत. आईवडील फडावरून संध्याकाळी दूरध्वनी करतात. तेव्हा "जेवलास का?" या प्रश्नाबरोबर "आज वाचलेलं ऐकव" एवढे म्हणण्याची सवय त्यांना लावून द्यावी. दूर असलेल्या आईलाही असे दोन मिनिटे ऐकता येते.

७. पालकांची भेट कशी घ्यावी

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले व अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली. अंगणवाडीची कल्पना तेथून पुढे आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कोसबाड येथे कुरणशाळा भरविण्यात आली. पालक शाळेपर्यंत येत नसतील तर शाळेने त्यांच्यापर्यंत जावे, हा या कार्यातून शिक्षकाने घ्यावयाचा बोध होय. यास अनुसरून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(अ) सभेची वेळ पालकांच्या सोयीने ठेवावी. दुपारी अकराची सभा म्हणजे मजुराचा अर्धा रोज बुडविणे होय.

(आ) एका भेटीत एकच काम सांगावे. पुढील भेटीत त्याची चौकशी करावी व मगच दुसरे सांगावे.

(इ) केवळ तक्रारीसाठी पालकास बोलावू नये. मुलाने काही चांगले केले असेल ते सांगण्यासाठी वर्षातून एकदा तरी त्याच्या घरी जावे.

(ई) वाचता न येणाऱ्या पालकास मोबाइलवर लेखी सूचना पाठवून आपले काम झाले असे मानू नये; तोंडी निरोप किंवा आवाजातील संदेश पाठवावा.

(उ) आईशी प्रत्यक्ष बोलावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक व एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात असे अधिनियम सांगतो. त्या स्त्रियांना सहीपुरत्या न बोलावता बोलते करावे.

वर्गात मागे पडणाऱ्या चार-पाच मुलांची नावे काढून त्यांच्या घरांपासून प्रारंभ केल्यास हे काम एका शिक्षकास झेपण्यासारखे आहे.

शिक्षण परिषदेतील चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील कोणत्या मुलांचा आठवड्यातील ठरावीक दिवस बुडतो? हजेरीपटावरून त्याचे कारण शोधा.

२. धाकट्या भावंडासाठी घरी राहणाऱ्या मुली किती आहेत? त्यांच्यासाठी गावात कोणती सोय करता येईल?

३. गेल्या महिन्यात शाळेतील किती पुस्तके मुलांच्या घरी गेली?

४. गतवर्षी किती पालकांना तक्रारीखेरीज अन्य कारणासाठी भेटलात?