जुन्या ट्रॅक्टरच्या टायरात पाणी : आधी घसर मोजावी

परतीचा पाऊस लांबला की रब्बीची मशागत आणि उसाची तोड दोन्ही ओल्या रानातच उरकावी लागतात, आणि काळ्या जमिनीत ट्रॅक्टरची मागची चाके जागच्या जागी फिरू लागली की अनेक मालक सरळ पंक्चरच्या दुकानात जाऊन टायरांत पाणी भरून घेतात. भक्कम आणि नव्या ट्रॅक्टरला हा उपाय पुष्कळदा सोसतो. पंधरा-वीस वर्षे राबलेल्या, रिमला गंज चढलेल्या आणि टायर झिजलेल्या ट्रॅक्टरला मात्र तो महागात पडतो, आणि त्याहून मोठे नुकसान जमिनीचे होते. या हंगामातील तातडीचा धोका हाच असल्यामुळे तेल, ग्रीस, फिल्टर या नेहमीच्या देखभालीचा विस्तार येथे केलेला नाही.

पाण्याने नेमके किती वजन वाढते, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १३.६-२८ मापाचा, म्हणजे साधारण १३.६ इंच रुंदीचा आणि २८ इंच व्यासाच्या रिमवर बसणारा टायर व्हॉल्व्ह वरच्या बाजूस ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरला, तर तो सुमारे तीन-चतुर्थांश भरतो आणि त्यात १९० ते २०० लिटर पाणी मावते. दोन्ही चाके मिळून हा बोजा ४०० किलोच्या घरात जातो. ३५ अश्वशक्तीच्या आसपासच्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांचे स्वतःचे वजन १,७०० ते २,००० किलो असते, म्हणजे एका दुपारीत यंत्राच्या वजनात जवळपास पाचव्या हिश्शाची भर पडते आणि ती सगळी मागच्या धुरीवर येते. टायरात उरलेला चौथा हिस्सा हवेचा असतो आणि खड्ड्यांचे धक्के तीच झेलते. म्हणून ‘भरायचेच तर काठोकाठ’ म्हणून व्हॉल्व्हच्या वरपर्यंत पाणी कोंबणे हा निव्वळ अविचार आहे, कारण मग प्रत्येक धक्का रिमला आणि बेअरिंगला बसतो.

ओल्या काळ्या जमिनीत या वजनाचे काय होते, हा खरा चिंतेचा विषय आहे. फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेली ही जमीन वाफशावर, म्हणजे ओल आणि हवा यांचा मेळ बसलेल्या अवस्थेत, भुसभुशीत होते. वाफसा येण्यापूर्वी तिच्यावर चाक गेले तर ती लोण्यासारखी दाबली जाते आणि वाळल्यावर तिचा कठीण थर बनतो. वरच्या थरातील दाब मुख्यतः टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असतो, खोल थरातील दाब मात्र धुरीवरील एकूण वजनावर अवलंबून असतो; त्यामुळे पाणी भरून नंतर हवा थोडी कमी केली म्हणजे जमीन वाचली, हा समज चुकीचा आहे. नांगराच्या तासाखाली बसलेला असा थर हरभऱ्याची मुळे सहज भेदू शकत नाहीत आणि पुढच्या पावसाचे पाणी वरच तुंबते. उसाच्या फडात तर भरलेली ट्रॉली ओढणारी चाके सऱ्यांवरून आणि बुडख्यांवरून जातात, आणि त्याची किंमत खोडव्याच्या विरळ फुटव्यांत मोजावी लागते. नांगराच्या खोलीवरची माती मुठीत दाबून हातावर वळून पाहावी. तिची सुतळीसारखी वळी होत असेल तर त्या दिवशी ट्रॅक्टर रानात घालूच नये, मग टायरात पाणी असो वा नसो.

वाफसा आलेला असूनही चाके घसरत असतील, तर अंदाजाने न बोलता घसर मोजावी. मागच्या टायरवर खडूने खूण करून औजार जमिनीत लावून चाकाचे पूर्ण १० फेरे चालवावेत आणि सुरुवातीला व शेवटी खुंटी ठोकावी. नंतर औजार उचलून तेच अंतर पुन्हा चालवून फेरे मोजावेत. रिकाम्या चालीत ९ फेरे भरले तर घसर १० टक्के, साडेआठ भरले तर १५ टक्के आणि ७ भरले तर ३० टक्के. नांगरटीत १० ते १५ टक्के घसर योग्य मानली जाते. त्याहून पुष्कळ कमी असेल तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे आणि डिझेल ते वजन वाहण्यातच जळते; जास्त असेल तरच पुढचा विचार करावा.

तो विचारही पाण्यापासून सुरू होत नाही. टायरवरील नक्षीच्या उंच पट्ट्या झिजून सपाट झाल्या असतील तर त्यांच्यावर कितीही वजन टाकले तरी त्या मातीत रुतत नाहीत. टायर उलटा बसवल्याची उदाहरणेही शेतावरच्या पाहणीत पुन्हा पुन्हा आढळतात: पंक्चर काढल्यानंतर चाक घाईने जोडले जाते, टायरच्या बाजूवरील बाण मागच्या दिशेला राहतो, पट्ट्यांमधील चिखल बाहेर फेकला जात नाही, आणि मालक दोन वर्षे इंजिनाला दोष देत राहतो. अशा ठिकाणी पाणी भरून दुखणे झाकले जाते, बरे होत नाही.

जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही. जड औजार अडकले की चाक घसरते, आणि त्या घसरण्यामुळेच क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या धुरीला फिरवणारी दातेरी जोडी, अतिभारातून सुटते. वजन वाढवून चाक घट्ट धरले की तोच झटका झिजलेल्या दातांवर येतो. आपल्याकडील बहुतेक जुने टायर ट्यूबचे असतात, त्यामुळे पाणी ट्यूबमध्येच राहील अशी अपेक्षा असते. पण बाभळीचा काटा घुसला की तेच पाणी टायर आणि रिम यांच्यामध्ये झिरपते आणि व्हॉल्व्हच्या छिद्राभोवतीचा पत्रा आतून कुजू लागतो. छिद्राजवळ पेचकसाच्या टोकाने खरवडून पाहावे; पापुद्रे निघत असतील तर त्या रिमवर पाणी भरू नये.

घरगुती उपायांबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पाण्यात मीठ टाकल्याने वजनात नाव घेण्याजोगी वाढ होत नाही, गंज मात्र वेगाने वाढतो. थंड देशांत टायरमधील पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड घालतात. निफाडच्या द्राक्षपट्ट्यातही पारा कधीकधी शून्याजवळ उतरत असला तरी टायरभर पाणी गोठवणारी थंडी महाराष्ट्रात टिकत नाही, त्यामुळे त्या खाऱ्या द्रावणाची येथे गरज नाही. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातले बोअरचे पाणीही गंजाच्याच कारणासाठी टायरात घालू नये. जळके ऑईल टायरात ओतणे म्हणजे स्वतःच्या हाताने रबर फुगवून कुजवणे होय. आणि वजनासाठी मडगार्डवर किंवा औजारावर माणसे बसवण्याची सवय तर तत्काळ बंद झाली पाहिजे. तेथून पडलेला माणूस चाकाखाली किंवा रोटाव्हेटरखालीच जातो. चढावर पुढची चाके उचलली जात असतील तर मागच्या टायरातील पाण्याने तो धोका हटत नाही. तेथे पुढच्या बंपरवर लोखंडी वजने लावावी लागतात आणि ओढणीचा साखळदंड धुरीला किंवा टॉपलिंकला न बांधता खालच्या ड्रॉबारलाच जोडावा लागतो, कारण ट्रॅक्टर मागे उलटण्यास एक-दोन सेकंद पुरतात.

पाणी सर्वस्वी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. उन्हाळ्यात वाळलेल्या, कठीण रानात खोल नांगरट करताना, टायरची नक्षी चांगली, रिम निरोगी आणि मोजलेली घसर १५ टक्क्यांच्या वर असेल, तर ते सर्वांत स्वस्त वजन आहे. तरीही परवडत असेल तेथे चाकावर बोल्टने बसणाऱ्या बिडाच्या चकत्या घ्याव्यात, कारण काम संपताच त्या उतरवता येतात. पाणी मात्र एकदा भरले की वर्षानुवर्षे तसेच राहते आणि त्याच टायरांवर ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन रस्त्यावर उतरतो. ज्या जुन्या ट्रॅक्टरच्या टायरांत आज पाणी आहे आणि जो यंदा कारखान्याच्या वाहतुकीवर जाणार आहे, त्याच्या मालकाने ट्रॉली जोडण्यापूर्वी चाक जॅकवर घेऊन, व्हॉल्व्ह खाली आणून ते पाणी काढून टाकावे, हवा पुन्हा मापात भरावी आणि दोन्ही ब्रेक सारखे लागतात की नाही हे रिकाम्या रस्त्यावर तपासून घ्यावे.