आधी ब्रेक, मग हॉर्सपॉवर!

हॉस्टेलवर रात्री दोन वाजता जे प्लॅन ठरतात, त्यातले निम्मे सकाळच्या चहापर्यंतही टिकत नाहीत. आमचा एक टिकला. माझ्या रूममेटच्या काकांनी त्यांची जुनी मारुती एस्टीम त्याला देऊन टाकली होती. १.३ लिटरचं इंजिन, ८५ हॉर्सपॉवर. आम्ही ठरवलं, हिला टर्बो बसवायचा, १५० हॉर्सपॉवर काढायची, नंबर प्लेट आहे तीच ठेवायची. मग एक दिवस स्वतः चालवत कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर न्यायची, हौशी ड्रायव्हर्सच्या शर्यतीत उतरवायची आणि त्याच गाडीने परत पुण्याला यायचं! हजार किलोमीटरहून जास्त जायचं, तेवढंच यायचं. स्वप्न बघायला पेट्रोल लागत नाही ना!

मी वहीत सगळं लिहून काढलं. टर्बो, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, नवीन क्लच. दोन पानं भरली. ती वही मोठ्या ऐटीत आमच्या वर्कशॉपच्या सरांना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती वाचली आणि म्हणाले, "पळवणार कशानं ते दोन पानं लिहिलंयस. थांबवणार कशानं, ते कुठाय?"

ते होतं की! दुसऱ्या पानाच्या तळाला एक ओळ होती : "ब्रेक – आहेत तेच."

सर हसले नाहीत. "आधी हे गणित करून आण, मग बोलू," एवढंच म्हणाले. हा लेख म्हणजे ते गणित आहे. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरला घाबरणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, सगळं अकरावीच्या फिजिक्सचंच आहे.

१. हॉर्सपॉवर किती, हा प्रश्नच अर्धवट आहे

आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन गाड्या घेऊ. पहिली डीसी अवंती. दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनने ही २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवली. सीटच्या मागे इंजिन, तेही रेनोचं २ लिटर टर्बो, २५० हॉर्सपॉवर. वजन साधारण १,५६० किलो.

दुसरी चिंकारा रोडस्टर. ही अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत बनायची. दिसायला १९५७ च्या लोटस सेव्हनसारखी, म्हणजे दरवाजे नाहीत, छप्पर नाही, पुढची चाकं बॉडीच्या बाहेर. इंजिन इसुझूचं १.८ लिटर, ज्या जातीचं इंजिन अ‍ॅम्बेसेडरमध्ये बसायचं तेच! सुमारे ११५ हॉर्सपॉवर, आणि वजन सुमारे ७०० किलो.

आता भागाकार करा. अवंती : २५० भागिले १.५६, म्हणजे टनाला १६० हॉर्सपॉवर. चिंकारा : ११५ भागिले ०.७, म्हणजे टनाला १६४.

मी हा भागाकार तीनदा केला. एकीकडे २५० हॉर्सपॉवरची सुपरकार, दुसरीकडे टॅक्सीच्या घराण्यातलं इंजिन, आणि दोघी जवळजवळ बरोबरीत! ताशी १०० किलोमीटर गाठेपर्यंत हवेचा विरोध फारसा आड येत नाही, तिथे हाच आकडा महत्त्वाचा. (पुढे मात्र उघड्या चाकांची चिंकारा हवेशी झगडत बसते आणि अवंती पुढे निघते.) लोटसच्या कॉलिन चॅपमनचं सगळं इंजिनियरिंग याच तत्त्वावर उभं होतं. पॉवर वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळेल. वजन कमी केलं तर ती जोरात पळेल, वळेल आणि थांबेलही. एका खर्चात तीन कामं!

आमच्या एस्टीममधून मागची सीट, स्पेअर व्हील, जॅक आणि डिकीतला काकांचा जुना स्पीकर काढला तर किती किलो जातील, याचा हिशोब आम्ही टर्बोच्या आधी करायला हवा होता.

२. ब्रेकचं इंजिन

आता सरांचं गणित. ड्रायव्हरसकट गाडी १,००० किलो धरू. सरळ पट्टा संपताना वेग ताशी १६० किलोमीटर, आणि वळणावर शिरताना ६० हवा.

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं अर्धं. १६० च्या वेगाला ती सुमारे ९८८ किलोज्यूल होते, ६० च्या वेगाला १३९. मधले ८४९ किलोज्यूल कुठेतरी जायला हवेत. ते जातात ब्रेकमध्ये, उष्णता बनून.

चांगले टायर असतील तर गाडी गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ०.९ पट जोराने थांबते, म्हणजे या कामाला ३.१ सेकंद लागतात. ८४९ भागिले ३.१, उत्तर सुमारे २७० किलोवॅट. हॉर्सपॉवरमध्ये सांगायचं तर ३६० च्या वर!

म्हणजे मूळच्या ८५ हॉर्सपॉवरच्या एस्टीममध्येसुद्धा ३६० हॉर्सपॉवरचं एक यंत्र आधीपासून बसलेलं आहे. ते चार चाकांच्या आत लपलेलं आहे आणि आम्ही त्याला एका ओळीत उरकलं होतं.

पुढे चला. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं, वजन पुढच्या चाकांवर येतं. किती येतं? गुरुत्वमध्याची उंची भागिले व्हीलबेस, गुणिले ०.९. उंची ०.५५ मीटर आणि व्हीलबेस २.४ मीटर धरला तर एकूण वजनाच्या २० टक्के. स्थिर गाडीत पुढे ६० टक्के असेल तर ब्रेक मारताना ८० होतं. म्हणून पुढचे ब्रेक जास्त काम करतात, आणि म्हणूनच मागचे ब्रेक उगाच मोठे करू नयेत. हलकी झालेली मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

पुढच्या दोन डिस्कना ७५ टक्के ऊर्जा दिली तर एकेकीच्या वाट्याला सुमारे ३१८ किलोज्यूल येतात. डिस्क ५ किलो लोखंडाची असेल तर एका ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान जवळजवळ १४० अंशांनी वाढतं. सिंहगड रोडवर आपण एकदा जोरात ब्रेक मारतो आणि मग पाच मिनिटं ट्रॅफिकमध्ये उभे राहतो, डिस्क आरामात थंड होते. कारीचा ट्रॅक आहे २.१ किलोमीटरचा. तिथे पुढचं वळण काही सेकंदांत येतं. उष्णता बाहेर पडायच्या आत नवी येते, आणि तीन-चार ब्रेकनंतर डिस्क कुठल्या कुठे पोचते.

ती उष्णता पॅडमधून, पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि ओल भरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. काकांच्या एस्टीममधलं ऑइल कधी बदललं होतं, हे काकांनाही आठवत नव्हतं. मधे पुण्याचे किती पावसाळे गेले कोण जाणे!

ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता आणि ते सरळ जमिनीला टेकतं. गाडी मात्र तशीच पुढे जात राहते. आणि आम्ही टर्बो बसवणार होतो! टर्बोमुळे वेग फक्त १० टक्क्यांनी वाढला तरी ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, कारण वर्ग.

आपल्या कॉलेजच्या बाहा टीमला हे आधीच माहीत आहे. त्यांच्या स्पर्धेत ब्रेक टेस्ट असते. चारही चाकं लॉक झाली नाहीत तर गाडी ट्रॅकवर सोडतच नाहीत, मग इंजिन कितीही भारी असो.

३. रस्ता वेगळा, ट्रॅक वेगळा

आम्हाला एकच गाडी दोन्हीकडे चालवायची होती, आणि खरी गंमत इथेच आहे. दोन्ही ठिकाणांच्या मागण्या एकमेकांच्या विरुद्ध जातात.

रेसिंगचे ब्रेक पॅड गरम झाल्यावर छान पकडतात, पण थंड असताना नीट धरत नाहीत. सकाळी हॉस्टेलच्या गेटबाहेर पहिला ब्रेक थंडच असतो ना! ट्रॅकचे जवळजवळ गुळगुळीत टायर कोरड्यात चिकटून बसतात, जुलैमध्ये कर्वे रोडवर मात्र तरंगतील. रोल केज ट्रॅकवर जीव वाचवतो, कारण तिथे डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर पट्टे असतात. रस्त्यावर हेल्मेटशिवाय बसलात तर छोट्या धडकेतही तोच पाइप डोक्यात बसेल. सस्पेन्शन कडक केलं तर वळणावर मजा, पण आपले स्पीडब्रेकर आणि खड्डे सस्पेन्शन फोडून टाकतील.

म्हणून रस्त्यावरची ट्रॅक-कार म्हणजे सतत तडजोड. त्यातही जी तडजोड रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवावर बेतेल, ती करायची नाही.

४. आणि कागद

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. सोप्या भाषेत सांगायचं तर, कंपनीने गाडीची जी वैशिष्ट्यं ठरवली आणि आरसी बुकात जी नोंदली गेली, त्यांच्यापेक्षा वेगळी गाडी मालकाने बनवायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. ८५ ची १५० हॉर्सपॉवर करणं यात बसत नाही. "कुणाला कळणार आहे?" हे उत्तर माझंही होतं, लपवत नाही.

मग अवंती आणि चिंकारा रस्त्यावर आल्या कशा? तो रस्ता उत्पादकाचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२६ सांगतो की नव्या गाडीचा नमुना मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. यातली एआरएआय तर आपल्या कोथरूडच्या टेकडीवर १९६६ पासूनची, सीआयआरटी भोसरीत, व्हीआरडीई अहिल्यानगरला. ब्रेक, दिवे, आवाज, धूर, सगळं तपासतात, आणि एप्रिल २०२० पासून धुरासाठी बीएस ६ लागू आहे. सगळे कागद जमूनही गाडी बाजारात येतेच असं नाही. टाटांनी २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात रेसमो ही छोटी स्पोर्ट्स कार दाखवली, १.२ लिटर टर्बो, १९० हॉर्सपॉवर. ती शोरूमपर्यंत पोचली नाही. ब्रिटनमध्ये माणूस घरी एक गाडी बांधतो, ती एक गाडी तपासून घेतो आणि नंबर मिळवतो. आपल्याकडे तेवढी सोपी वाट नाही. मलाही हे अन्यायाचं वाटतं, आणि ती वाट व्हावी असंही वाटतं.

पण ती मागायचा हक्क आपल्याला कधी मिळेल? १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका पोर्शे टायकानने मोटरसायकलला धडक दिली. दोन तरुण इंजिनियर गेले. दोघंही २४ वर्षांचे, म्हणजे आपल्यापेक्षा फक्त चार वर्षांनी मोठे. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. त्या गाडीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. परिवहन खात्याने सांगितलं, १,७५८ रुपये फी भरायची राहिली होती.

त्या गाडीचे ब्रेक आमच्या एस्टीमपेक्षा दसपट चांगले असतील. म्हणून सरांच्या प्रश्नाचं उत्तर फक्त डिस्क आणि पॅड नाही, असं मला आता वाटतं. "थांबवणार कशानं?" यात आपणही येतो.

५. सध्या एस्टीम कुठे आहे?

हॉस्टेलच्या मागे, जांभळाच्या झाडाखाली. टर्बोचं पान फाडलं नाही, पण घडी घालून ठेवलंय. इंजिन आहे तसंच आहे. नवे ब्रेक होज, डॉट ४ चं ताजं ऑइल (ताजं असताना किमान २३० अंश), रस्त्यावर आणि ट्रॅकवर दोन्हीकडे चालतील असे मधल्या प्रतीचे पॅड, चार नवे टायर, आणि डिकी रिकामी. खर्च टर्बोच्या पावपटही नाही. आरसी बुकात एक अक्षर बदलावं लागलं नाही. ८५ हॉर्सपॉवरची गाडी ट्रॅकवर शिकायला भरपूर आहे, कारण चूक झाली तर ती माफ करते. पुढे-मागे १५० चा मोह झालाच, तर ती गाडी फक्त ट्रॅकची असेल आणि टेम्पोत बसून जाईल.

वही पुन्हा सरांना दाखवली. या वेळी ब्रेकची दोन पानं होती आणि इंजिनची एक ओळ : "इंजिन – आहे तेच." सरांनी चष्मा वर केला, शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "हँडब्रेकची केबल बघितलीस का?"

नव्हती बघितली. शनिवारी बघणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी जुने कपडे घालून या, आणि कॅल्क्युलेटर आणा!