दिसलं खरं, पण काय दिसलं?

हे बघ, आधी तो फोन जरा पालथा ठेव. सोसायटीच्या ग्रुपवर शंभर मेसेज पडले म्हणून शंभर उत्तरं द्यायला तू बांधलेली नाहीस. टेकडीकडच्या भिंतीपाशी रात्री ‘अस्वलासारखं, पण कुत्र्यासारखं, पण मधेच उभं राहणारं’ काहीतरी दिसलं, आणि तू ग्रुपची अ‍ॅडमिन, म्हणून सगळे तुझ्या तोंडाकडे बघतायत. त्यात पाहणारे कोण, तर तुझेच भावजी! खोटं म्हणावं तर घरात तोंडं फुगणार, खरं म्हणावं तर उद्यापासून मुलं खाली खेळायला जाणार नाहीत. कळतंय गं मला.

खरं सांगू का, अशा वेळी आपण भलतीच गोष्ट तपासायला बसतो. “भावजी कशाला खोटं बोलतील?” नाहीच बोलणार. पण सरळ माणसालाही अंधारात भलतं दिसतं. मीसुद्धा एकदा गॅलरीत वाळत घातलेल्या ह्यांच्या रेनकोटला “कोण आहे रे तिकडे?” म्हणून दटावलंय. आणि उलट, नावाजलेला माणूस डोळ्यांत डोळे घालून थाप मारू शकतो. म्हणून माणसाच्या सज्जनपणाचा हिशोब बाजूला ठेव आणि त्याने सांगितलेली गोष्ट तेवढी हातात घे. ती तपासता येते का, एवढंच बघ.

नावाजलेल्या माणसाचं उदाहरण हवंय? स्कॉटलंडमधल्या लॉक नेस तळ्यातला तो लांब मानेचा राक्षस तुला माहीतच आहे. त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो १९३४ मध्ये लंडनच्या ‘डेली मेल’ने छापला. फोटो देणारा कोण, तर लंडनमधला एक प्रतिष्ठित स्त्रीरोगतज्ज्ञ. डॉक्टर कशाला फसवतील, असं म्हणत लोकांनी तो फोटो साठ वर्षं डोक्यावर घेतला. १९९४ मध्ये उघड झालं की ती खेळण्यातली पाणबुडी होती आणि तिच्यावर घडवलेली मान बसवली होती. गंमत बघ, मूळ फोटोत आजूबाजूचं बरंच पाणी दिसतं आणि त्यात ती मान एवढीशी वाटते. छापताना कडा कापल्या आणि ‘राक्षस’ मोठा झाला. म्हणून ग्रुपवर आलेला फोटो कडा कापलेला असेल, तर ज्याने काढला त्याच्याच फोनमधला मूळ फोटो मागायचा. फॉरवर्ड चालणार नाही. तो कुठल्या राज्यातला, कुठल्या सालातला, देव जाणे.

त्याच तळ्याची आधीची एक भानगड तर मला जास्त आवडते. १९३३ च्या डिसेंबरमध्ये त्याच वर्तमानपत्राने एका शिकाऱ्याला तिथे धाडलं आणि त्याला काठावर मोठाले ठसे सापडलेही. साचे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेले. तिथल्या लोकांनी पाहिलं तर ठसे पाणघोड्याचे, आणि सगळेच्या सगळे एकाच पायाचे! कुणीतरी सुकवून ठेवलेला पाय चिखलात दाबत गेलं होतं. आणि पुढे त्या खोट्या फोटोमागेही हेच शिकारीबुवा निघाले. एकदा हसं झालं होतं ना, त्याचा राग.

आता भावजींकडे वळू. त्यांना एकट्यांना गाठ. चहा दे, पण चहाला सगळ्यांना बोलावू नकोस. चार जण एकत्र बसले की चौघांची मिळून एकच आठवण तयार होते आणि ती कुणाचीच नसते. वॉचमनकाकांना वेगळं विचार, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वेगळं. आणि विचारताना “शेपटी झुपकेदार होती का?” असं विचारायचं नाही, कारण समोरचा तुला बरं वाटावं म्हणून हो म्हणतो. “पहिल्यांदा काय दिसलं? मग?” एवढंच म्हण आणि गप्प बस. गप्प बसणं तुला अवघड जातं, माहितीये, पण जमव.

त्यांच्या सांगण्यात दोन धागे असतील, ते सोडवून घे. “दोन चमकणारे डोळे दिसले” हे पाहिलेलं. “माझ्याकडे रोखून बघत होतं” हा अंदाज. “काळं होतं” म्हणाले, तर दिवा कुठे होता ते बघ. दिवा प्राण्याच्या मागे असेल तर मांजरसुद्धा काळंच दिसणार. किती वेळ दिसलं? ग्रुपवरचा पहिला मेसेज वाचायच्या आधी की नंतर? हा शेवटचा प्रश्न सहज विचार, पण विचारल्याशिवाय राहू नकोस.

उंचीवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नकोस गं. अंतर कळल्याशिवाय उंची कळत नाही आणि रात्री अंतर कुणालाच कळत नाही. त्यापेक्षा संध्याकाळी भावजींना त्याच जागी उभं कर. वॉचमनकाकांना भिंतीपाशी खराट्याचा दांडा धरून उभं राहायला सांग. “दांड्याच्या कुठपर्यंत येत होतं?” आदल्या रात्री पाच फुटी असलेलं जनावर बहुतेक वेळा गुडघ्यापर्यंत उतरतं, आणि ते तू नाही, त्यांनीच उतरवलेलं असतं. भांडण नाही, काही नाही.

ठसे सापडले तर त्यांच्याशेजारी पट्टी ठेवून वरून सरळ फोटो घे. पट्टी नसेल तर नाणं ठेव. एकच ठसा नको, ओळीतले चार-पाच घे, पाणघोडा आठव. बिबट्याच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत, चालताना ती आत असतात. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात उमटतात. आणि पाऊस किंवा पाण्याच्या पाइपाने बिघडलेल्या ठशावरून काहीही ठरवू नकोस. हिमालयात यतीची निम्मी कहाणी यानेच उभी केली. १९५१ मध्ये एरिक शिप्टनने मेनलुंग हिमनदीवर ठशाचा फोटो काढला, शेजारी बर्फात चढताना वापरायची कुऱ्हाड ठेवून. माप दिलं हे चांगलंच केलं. पण बर्फ वितळला की ठसा पसरतो, आणि अस्वलाचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला की एक लांबलचक पाऊल तयार होतं. २०१९ मध्ये आपल्या लष्करानेही मकालूच्या तळाजवळचे ३२ बाय १५ इंचाचे ठसे जाहीर केले होते आणि देशभर गलका झाला. पण त्याच्या दोन वर्षं आधीच, २०१७ मध्ये, यतीचे म्हणून जपलेले हाडं, दात, केस, कातडी असे नऊ नमुने डीएनएसाठी तपासून झाले होते. आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा.

तू म्हणशील, ताई, म्हणजे सगळं थोतांडच का? तर तसं नाही, आणि यासाठी तुला आपल्या खानदेशातली गोष्ट सांगते.

रानपिंगळा म्हणून एक छोटं घुबड आहे. १८७३ मध्ये त्याची शास्त्रात नोंद झाली, मग थोडे नमुने मिळाले आणि १८८४ नंतर पक्षी गायब. म्युझियममध्ये मिळून सातच नमुने. अधूनमधून कुणी म्हणायचं ‘दिसला’, फोटोही आले, पण ते साध्या पिंगळ्याचे निघाले. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. एवढासा फरक, पण तो न बघताच लोक आनंदून गेले होते.

आता यातला खलनायक ऐक. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन, इंग्रज लष्करी अधिकारी, पक्षीशास्त्रातलं बडं प्रस्थ. त्याने सांगितलं, १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी मांडवीला आपण हा पक्षी मिळवला. नमुना होता, तारीख होती, जागा होती, वर नाव एवढं मोठं. कोण शंका घेणार? पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी घेतली. त्यांनी तो पक्षी बारकाईने तपासला आणि लक्षात आलं की तो जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात १८८० च्या दशकात मिळवलेला, त्याच्याच हातचा. कर्नलसाहेबांनी तो म्युझियममधून लांबवून, नव्याने भरून, त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. त्या एका चिठ्ठीने शोध भलत्याच ठिकाणी वळवला होता.

मग बाईंनी काय केलं बघ. खोटी नोंद काढून टाकली, उरलेल्या खऱ्या नोंदी कुठल्या ते पाहिलं आणि दोन सहकाऱ्यांबरोबर तिथेच गेल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, भर उजेडात झाडावर बसलेला रानपिंगळा सापडला. ११३ वर्षांनी! आणि “आम्ही पाहिला, विश्वास ठेवा” म्हणून त्या परतल्या नाहीत. कोरं डोकं, छातीवरचे जाड पट्टे, पांढऱ्या पिसांचे पाय, असं एकेक पाहून फोटो घेतले, व्हिडिओ घेतला. नंतर दुसऱ्या लोकांनी जाऊन पाहिलं, तर त्यांनाही तो दिसला. पुढे मेळघाटात दिसला, मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला. मला या बाईंचं फार कौतुक आहे. बड्या नावाला भ्यायल्या असत्या तर शहाद्यापर्यंत पोचल्याच नसत्या.

तुझ्या भिंतीपाशी काय असेल? मला तरसाचा संशय येतोय. पुढून उंच, मागून उतरतं, आणि घाबरलं की पाठीवरचे केस असे फुलवतं की दुप्पट दिसावं. खरूज होऊन केस झडलेलं कुत्रंही असू शकतं, ते बिचारं तर ओळखू येत नाही. आणि ‘उभं राहणारं’ खरंच असेल, तर गव्हाणी घुबडाची पिल्लं आठव. २०१७ मध्ये विशाखापट्टणमला एका बांधकामावर सापडली, तर लोकांनी त्यांना परग्रहवासी ठरवलं होतं. पण ही माझी यादी भावजींना आत्ता दाखवू नकोस हं. दाखवलीस की त्यांना तरसच आठवायला लागेल.

ग्रुपवर मात्र आजच लिही, कारण अफवेला रिकामी जागा मिळाली की ती फुगते. २००१ च्या मे महिन्यात दिल्लीत ‘मंकी मॅन’ आला होता, कुणाला चार फुटी, कुणाला सहा फुटी, कुणाला हेल्मेट घातलेला, कुणाला लोखंडी नखांचा. पोलिसांच्या तपासात असा प्राणी सापडलाच नाही, पण घाबरून पळताना पडून माणसं मात्र खरोखर गेली. तेव्हा साधं लिही: “काल रात्री एक प्राणी दिसल्याचं कळलं, कुठला ते अजून ठरलेलं नाही, वनखात्याला कळवलं आहे. रात्री मुलांना एकटं सोडू नका, कचरा उघडा ठेवू नका, काठ्या घेऊन शोधायला जाऊ नका.” वनखात्याचा नंबर १९२६. फोनवर जागा, वेळ आणि ठसे यांबद्दल सांग, ‘विचित्र प्राणी’ हे शब्द टाळ. कचऱ्याचं झाकण आज रात्रीच बसवून घे, प्राणी कुठलाही असो, तो बहुतेक त्याच वासाने येतोय.

आणि भावजींना चित्र काढायला लावणार असशील तर सासूबाई देवळात गेल्यावर लाव. त्या शेजारी बसल्या तर शिंगं काढायला लावतील.