महालक्ष्मीच्या मैदानाने शिकवलेलं

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर मी पैज लावायला कधी गेले नाही. सकाळी चालायला जात राहिले आणि हळूहळू ते मैदान उलगडत गेलं.

१. रेसकोर्स शेवटाकडून समजून घ्यावा लागतो. शर्यत १००० मीटरची असो वा २०००ची, विनिंग पोस्ट तिथेच राहतो. अंतरानुसार सरकते ती सुरुवात. त्या पोस्टपाशी ग्रँडस्टँड आणि त्याच्याआधी लांब सरळ पट्टी, म्हणजे शेवटची चुरस सगळ्यांना दिसावी. सुरुवातीलाच फार महत्त्व देणाऱ्या मला हे बराच काळ पुरलं.

२. वेगाला जागा लागते. वळण आखूड असेल तर भरधाव घोडा बाहेर फेकला जातो, त्याला आवरावं लागतं. म्हणून २४०० मीटरचा हा लंबगोल ऐसपैस आहे, आणि म्हणूनच त्याच्या पोटात एवढी मोकळी जमीन उरली. ज्या आभाळासाठी आम्ही तिथे जातो, ते घोड्याच्या पायांनी राखलं.

३. कुठलीही जागा पहिल्यापासून तशी नसते. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने समुद्र अडवला, तेव्हा या बाजूचा सखल, पाणथळ भाग वापरात येऊ लागला. शर्यती आधी भायखळ्याला होत. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीला आल्या, आणि आखणीसाठी नमुना होता मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सचा. समुद्राला बांध घालून मिळवलेल्या शहरात इतकी मोठी जागा बांधकामावाचून टिकली, याचं मला अजून नवल वाटतं.

४. मोठी परंपरा वाटते तितकी जुनी नसते. इंडियन डर्बी ही इथली मानाची शर्यत सुरू झाली १९४३ मध्ये, म्हणजे मैदानाला साठ वर्षं झाल्यावर. पहिली डर्बी जिंकली ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ने, एका घोडीने. मला हे फार आवडतं.

५. मैदानालाही विसावा हवा. मुंबईचा सीझन हिवाळ्याचा. पावसाळ्यात शर्यती पुण्याला जातात आणि इथली हिरवळ पाणी पिऊन दाट होते. घोड्याचा लगाम हातात धरून त्याला संथ फिरवणारे सईस पाहिले, की धावण्यामागे न धावण्याचे किती तास असतात ते कळतं.

६. मोकळी जागा आपोआप मोकळी राहत नाही. शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबचा या जमिनीचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. २०२४ मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर ‘सेंट्रल पार्क’ या सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे द्यायचं आणि ९१ एकर क्लबकडे ठेवायचं ठरलं. उद्यान सर्वांचं होणार याचा मला आनंद आहे. पण आजवर ही माती शर्यतीच्या गरजेमुळे वाचली. यापुढे तिला वाचवायला आपली गरज तितकीच ठाम असावी लागेल. झाडं लावा, बाकं ठेवा, मुलांना पळू द्या; इमारती मात्र नकोत. हे मागायला रेसमधलं काही कळावं लागत नाही, या शहरात राहणं पुरेसं आहे.